कुणाचं रक्त जास्त लाल?

डॉक्टर मावशी,

मी नर्स आहे, ठाण्याची, आपल्याच बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी यहुदी समाजातली. एप्रिल २०२१ मध्ये एका छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला होते. रात्री सव्वादोनला एक बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणारं मशीन मोकळं झालं. दोघं जण ताटकळत होते. एक रिक्षावाला, ३८ वर्षांचा, वीस मिनिटं आधी आलेला, मास्क लावूनही ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ६८. दुसरे आमच्या मशिदीतले, म्हणजे सिनेगॉगमधले काका, ७४ वर्षांचे, मास्कवर ८४. डॉक्टर फोनवर होते. मी आकडे सांगितले. ते म्हणाले, "रिक्षावाल्याला लाव. काकांचं वयही झालंय." मी लावलं. काकांचा मुलगा म्हणाला, "तू आपली ना? मग आपल्या माणसाला आधी नको?" चारच्या सुमारास तो परत आला. "त्याचं काढून अर्धा तास पप्पांना लाव, मग परत त्याला लाव. आलटून पालटून." मी नाही म्हटलं. काकांना कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. दोनदा सिलेंडर बदलला, चहा मागितला तर दोन घोट पाजला. सकाळी साडेसातला त्यांना दुसरीकडे बेड मिळाला. अँब्युलन्सपर्यंत मी सोडायला गेले. दोन दिवसांनी ते गेले. आणि रिक्षावालाही पाचव्या दिवशी गेला. म्हणजे मशीन कुणाच्याच कामी आलं नाही. काकू समाजाच्या मलिद्याच्या विधीला भेटतात, मी नजर चुकवते. मुलगा माझ्याशी बोलत नाही. आपला धर्म काय सांगतो? माझ्या हातून पाप झालं का?

ठाण्याची एक सिस्टर

प्रिय सिस्टर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवत नाही, आधीच सांगते: तुझ्या हातून पाप झालेलं नाही. आपल्या धर्मशास्त्राच्या, हलाखाच्या कसोट्या लावून बघितल्या, तर त्या रात्री तू केलंस तेच करायला हवं होतं. पण एवढ्यावर तुझी झोप परत यायची नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी रब्बी, म्हणजे शास्त्र शिकलेली धर्मगुरू, नाही. आपल्या बेने इस्राएलांत पिढ्यान् पिढ्या रब्बी नव्हतेच. प्रार्थना चालवणारे हज्जान, काजी आणि घरातल्या म्हाताऱ्या बायका यांनी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस सांभाळला, सुंता सांभाळली, दारफळणीच्या सणाचा, म्हणजे किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास सांभाळला. मी भूल देणारी डॉक्टर. चौतीस वर्षं नोकरी केली, आणि असेच प्रश्न अंगावर आले म्हणून उतारवयात मिश्ना आणि ताल्मुद हे आपल्या धर्मनियमांचे जुने ग्रंथ घेऊन बसले. जे वाचलं, जे कळलं, ते तुला सांगते.

सुरुवात अशा गोष्टीपासून करते जी तू लहानपणापासून ऐकली असशील. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडतो, किप्पूरचा उपास मोडतो, सगळं मोडतं. याला पिक्कूआख नेफेश म्हणतात. अपवाद तीनच: मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून. पहिल्या दोघांची कारणं पोथीत आहेत. खुनाबद्दल मात्र ताल्मुद म्हणतो की हे पोथीत शोधायला नको, साध्या माणसालाही कळतं, आणि मग एक हकीकत सांगतो. एक माणूस राबा नावाच्या पंडिताकडे आला. म्हणाला, "आमच्या गावच्या अधिकाऱ्याने सांगितलंय, अमक्याला मार, नाहीतर मी तुला मारतो." राबा म्हणाला, "मर, पण मारू नकोस. तुझंच रक्त जास्त लाल आहे हे कुणी सांगितलं? कदाचित त्याचं जास्त लाल असेल."

दीड हजार वर्षांहून जुनं हे वाक्य या सगळ्या विषयाचा पाया आहे. कुणाच्या जिवाची किंमत जास्त हे माणसाला कळत नाही, म्हणून त्यावरून निवडायचा अधिकारही त्याला नाही. तरुण की म्हातारा, कमावता की घरी बसलेला, ओळखीचा की परका, हे तागडीत घालायचंच नाही.

मग मशीन एक आणि माणसं दोन असतील तर करायचं काय? इथे बरेच जण गोंधळतात, म्हणून नीट सांगते. रक्त कुणाचं जास्त लाल हे आपल्याला दिसत नाही, पण ऑक्सिजन कुणाचा कमी आहे ते दिसतं. बोटाला लावलेल्या त्या छोट्या चिमट्यावर आकडा येतो. कुणाला जास्त धोका आहे, उपचार कुणाला लागू पडेल, आधी कोण आलं, हे बघायला हलाखाची ना नाही, उलट ते बघायलाच सांगतो. अठराव्या शतकातले रब्बी योसेफ तेओमीम यांनी लिहून ठेवलंय की एकाचा जीव नक्की धोक्यात आहे आणि दुसऱ्याचा कदाचित असेल, आणि औषध एकालाच पुरेल, तर ज्याचा धोका नक्की आहे त्याला द्यावं. काकाही धोक्यात होते हे मी नाकारत नाही. ८४ म्हणजे काही सुखाचा आकडा नाही. पण ६८ वर माणूस तासाभरात हातातून जाऊ शकतो, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

आणि आधी आलेल्याचा हक्क वेगळाच. समोर आलेली मित्स्वा, म्हणजे धर्माने सांगितलेलं कर्तव्य, ओलांडून पुढच्या मित्स्वाकडे जाऊ नये, असा आपल्याकडे जुना नियम आहे. दारात पहिला उभा राहिला त्याला मदत करायची जबाबदारी तिथेच, त्याच क्षणी लागू होते. रिक्षावाला वीस मिनिटं आधी आला होता. गरज जास्त, आला आधी. दोन्ही कसोट्या एकाच माणसाकडे बोट दाखवत होत्या. असं क्वचित घडतं, सिस्टर. बहुतेक वेळा एक कसोटी इकडे ओढते आणि दुसरी तिकडे.

आता डॉक्टर फोनवर जे म्हणाले त्याबद्दल. "काकांचं वयही झालंय." तुला हे वाक्य टोचलं असणार, नाहीतर ते तू पत्रात शब्दाला शब्द लिहिलं नसतंस. न्यूयॉर्कला रब्बी मोशे फाइनस्टाइन होते, १९८६ मध्ये वारले. त्यांच्याकडे जगभरचे ज्यू डॉक्टर प्रश्न पाठवायचे. १९८०च्या दशकात आयसीयूतल्या बेडबद्दल त्यांना विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं की म्हातारपण हे उपचार नाकारायचं कारण होऊ शकत नाही. वयामुळे एखादा उपचार सोसणार नसेल तर तो वैद्यकीय मुद्दा झाला. नुसतं "वय झालंय" हा मुद्दाच नाही. तेव्हा डॉक्टरांचं ते वाक्य चुकलं. निर्णय चुकला नाही, कारण ते वाक्य काढून टाकलं तरी निर्णय तोच राहतो. रात्री सव्वादोनला, महिनाभर न झोपलेल्या माणसाच्या तोंडून आलेलं वाक्य आहे ते. त्यांना माफ करता आलं तर कर, पण ते वाक्य स्वतःचं करून घेऊ नकोस.

काकांच्या मुलाचा पहिला प्रश्न, "आपल्या माणसाला आधी नको?" यावर मला थोडं थांबायचंय, कारण तो प्रश्न साधा नाही आणि मी तुला गोड गोड सांगणार नाही. मिश्नात एक यादी आहे. जीव वाचवायचा तर पुरुष स्त्रीच्या आधी. कपडे द्यायचे किंवा कैदेतून सोडवायचं तर स्त्री पुरुषाच्या आधी. कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या वंशातला, हा लेवीच्या, म्हणजे मंदिराच्या सेवकांच्या वंशातल्याच्या आधी, लेवी साध्या इस्राएलाच्या आधी, साधा इस्राएल मम्झेरच्या आधी, म्हणजे ज्याच्या आईबापांचा संबंधच निषिद्ध होता त्याच्या आधी. हे वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटवून ठेवलं होतं. आपल्या समाजातल्या कुठल्याही माणसाला ते टोचणारच. १९६२ साली इस्राएलमध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फतवा काढला की बेने इस्राएलांची लग्नं लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची मागे जाता येईल तितकी चौकशी करावी, कुठे मम्झेरपणाचा संशय आहे का ते बघावं. कोकणातून तेलाच्या घाण्या सोडून गेलेली, मुंबईतून गिरण्या आणि रेल्वेच्या नोकऱ्या सोडून गेलेली आपली माणसं १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरून बसली, प्रश्न संसदेत गेला, तेव्हा कुठे त्या हुकमातून आपलं नाव निघालं. माझी आत्या तेव्हा तिथे होती. "आजीचं नाव विचारलं, पणजीचं विचारलं, मग मला काही आठवेना," एवढंच ती सांगायची आणि हातातलं काम करत राहायची.

म्हणून ही यादी मी पुढे वाचली तेव्हा तिचं शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. मिश्ना म्हणते, हे सगळं केव्हा, तर बाकी सगळं सारखं असेल तेव्हा. पण मम्झेर विद्वान असेल आणि महापुरोहित अडाणी, तर मम्झेर आधी. म्हणजे यादी करणाऱ्यांनीच तिच्या मुळाशी सुरुंग पेरून ठेवलाय. आणि आपल्या काळातल्या मोठ्या रब्बींनी ती दवाखान्याच्या दारापर्यंत येऊच दिली नाही. फाइनस्टाइन म्हणाले की खूप विचार केल्याशिवाय या क्रमाने वागणं कठीण आहे. जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान आउएरबाख यांनीही म्हटलं की आज त्या क्रमाने चालणं फार अवघड, धोका किती आणि वाचायची शक्यता किती तेच बघावं. वंश, जात, विद्या, पद यांना तिथे जागा उरली नाही.

आणि यहुदी नसलेला रुग्ण? जुन्या ग्रंथांत याबद्दल कडक मजकूर आहे, तो मी लपवणार नाही. पण त्याच ग्रंथांत हेही आहे की शेजारच्या परधर्मी आजाऱ्यांची विचारपूस आपल्या आजाऱ्यांबरोबरच करावी, त्यांच्या गरिबांना आपल्या गरिबांबरोबर जेवू घालावं. पुढच्या रब्बींनी हीच वाट रुंद केली. इस्राएलचे मुख्य रब्बी राहिलेले इस्सेर येहुदा उंटरमान यांनी तर ठामपणे मांडलं की हे नुसतं भांडण टाळण्यासाठी नाही, तोच तोराचा, आपल्या मूळ धर्मग्रंथाचा, नीतिधर्म आहे. आणि आपण तर अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर लाटांनी फेकलेली माणसं. गावाने आपल्याला शनिवार तेली म्हटलं, आपला शब्बाथ मान्य केला, आणि शेजारी म्हणून ठेवून घेतलं. त्या गावाच्या रिक्षावाल्याला आपण कॉरिडॉरमध्ये "तू आपला नाहीस" म्हणायचं? मुलाने बापाच्या काळजीने विचारलं, त्याला दोष देऊ नकोस. आपल्या बापासाठी भांडणं हे त्याचं काम होतं. तुझं काम वेगळं होतं.

आता चार वाजताची गोष्ट. मला वाटतं तुला खरी खुपतेय ती हीच. सव्वादोनचा निर्णय डॉक्टरांचा होता. चारला मात्र तू एकटी होतीस आणि "नाही" तुझ्या तोंडून गेलं.

ताल्मुदात दोन वाटसरूंची गोष्ट आहे. वाळवंटातून चाललेत, पाणी एकाकडेच आहे. दोघांनी प्यायलं तर दोघंही मरतील. एकाने प्यायलं तर तो वस्तीपर्यंत पोचेल. बेन पेतुरा म्हणाला, दोघांनीही प्यावं आणि मरावं, पण एकाने दुसऱ्याचं मरण बघू नये. मग रब्बी अकिवा आले आणि म्हणाले, "तुझा भाऊ तुझ्याबरोबर जगावा" असं तोरात लिहिलंय. तुझ्याबरोबर, म्हणजे आधी तुझा जीव. बेन पेतुराचं म्हणणं ऐकलं की माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, मला अजून येतं. पण शास्त्र अकिवांच्या बाजूने गेलं. काकांचा मुलगा अर्धा अर्धा तास म्हणत होता, तो बेन पेतुराचाच विचार होता: वाटून घेऊ, निदान कुणी बघत राहणार नाही. ६८ च्या माणसाचं बायपॅप अर्धा तास काढायचं म्हणजे काय, हे तू पाहिलेलं आहेस. त्या पाण्याने कुणीच वस्तीला पोचलं नसतं.

आणि यात आणखी एक गाठ आहे. मशीन द्यायच्या आधी निवडणं वेगळं आणि दिलेलं काढणं वेगळं. फाइनस्टाइन यांनी हे फार काटेकोर मांडलं. दोघं एकदम आले, बेड अजून कुणालाच दिला नाही, तर ज्याला बरं करता येईल त्याला द्या. पण एकदा एकाला बेडवर घेतलं, आणि मग जास्त आशेचा दुसरा आला, तरी पहिल्याला उठवता येत नाही. ती जागा आता त्याची झाली. आपला जीव दुसऱ्याला देऊन टाकायची सक्ती कुणावरच नाही. इस्राएलमध्ये यावरून केवढा खल झाला बघ: प्राध्यापक अव्राहाम स्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली ५९ जणांची समिती बसली, आणि २००५ मध्ये मरणासन्न रुग्णांबद्दल कायदा झाला. त्यातही चालू व्हेंटिलेटर हाताने बंद करायला परवानगी दिली नाही. टायमरची तरतूद ठेवली, म्हणजे मशीन ठरल्या वेळी आपोआप थांबेल आणि पुन्हा लावायचं की नाही हे तेव्हा ठरवता येईल. बाहेरच्यांना हा शब्दच्छल वाटतो. ज्याच्या बोटांनी कधी स्विच बंद केलाय त्याला वाटत नाही.

याच गाठीची एक हकीकत सांगते आणि लगेच पुढे जाते, कारण तिच्याजवळ फार वेळ बसवत नाही. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत १९४४च्या नव्याच्या सणाच्या, म्हणजे आपल्या नववर्षाच्या दिवशी मुलं कोंडून ठेवली होती, मारायला. पहारेकऱ्याला लाच देऊन एखादा बाप आपला मुलगा सोडवू शकत होता, पण मोजदाद पुरी व्हायला हवी म्हणून त्याच्या जागी दुसरं पोर धरून आणलं जाई. एक बाप रब्बी त्स्वी हिर्श माइझेल्स यांच्याकडे गेला आणि विचारलं, सोडवू का? रब्बींनी उत्तर दिलं नाही. देववलंच नाही. बाप म्हणाला, तुम्ही हो म्हणत नाही याचा अर्थ मला कळला. आणि त्याने मुलगा सोडवला नाही. तुझी रात्र आणि ती रात्र यांची मी तुलना करत नाही. एवढंच म्हणते, एकाच्या तोंडचं काढून दुसऱ्याला द्यायला नकार देताना छाती फुटते हे आपल्या लोकांना फार आधीपासून माहीत आहे.

माझी गोष्ट सांगते. रायगड जिल्ह्यातलं एक छोटं हॉस्पिटल, ऑगस्ट महिना, व्हेंटिलेटर एक. संध्याकाळी मण्यार चावलेली एक बाई आली, साठीची, श्वास बंद पडत चाललेला. तिला व्हेंटिलेटरवर घेतलं. रात्री अकराला बारा वर्षांचा मुलगा आला. तोही मण्यारच. पापण्या मिटलेल्या, मान टाकलेली, छाती हलत नव्हती. बाहेर माणसं जमली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं: म्हातारीचं काढा, पोराला लावा. म्हातारीचा स्वतःचा मुलगाही मान खाली घालून म्हणाला, "काढा बाई." मी काढलं नाही. पोराच्या नळीला अँबू बॅग जोडली आणि हाताने दाबायला सुरुवात केली. दाब, सोड, दाब, सोड. दहा मिनिटांनी बोटं वाकडी होतात. वॉर्डबॉयने घेतली, मग सिस्टरने, मग मुलाच्या मामाला शिकवलं, मग म्हातारीच्या मुलालाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, बाहेर पाऊस कोसळतोय, रात्रभर. सकाळी मुलाच्या पायाचा अंगठा हलला.

हे मी फुशारकीने सांगत नाही. तो वाचला म्हणून मला हे सांगता येतंय. नसता वाचला तर मीही आज कुणाला तरी तुझ्यासारखंच पत्र लिहीत असते. पण ती रात्र मला एक शिकवून गेली, आणि हलाखाही तेच म्हणतो: "कुणाला?" हा प्रश्न विचारायच्या आधी "खरंच एकच आहे का?" हे हातपाय झिजेपर्यंत तपासायला हवं. तू तेच केलंस. दोन सिलेंडर कुठून आणलेस ते तू लिहिलं नाहीस. एप्रिल २०२१ मध्ये सिलेंडर काय भावाने आणि किती हातापाया पडून मिळत होता, ते मला माहीत आहे.

"मशीन कुणाच्याच कामी आलं नाही" असं लिहिलंस. हे मला मान्य नाही. मिश्नात आहे: शब्बाथच्या दिवशी कुणाच्या अंगावर भिंत कोसळली, खाली तो आहे की नाही शंका आहे, जिवंत आहे की नाही शंका आहे, यहुदी आहे की नाही शंका आहे, तरी ढिगारा उपसा. ताल्मुद विचारतो, कुठपर्यंत उपसून बघायचं? उत्तर: नाकापर्यंत. नाकाशी श्वास आहे का बघा. तू श्वासावरच काम करणारी, तुला हे वेगळं समजवायला नको. आणि पुढे म्हणतो, माणूस चिरडलेला आहे, आता घटकाभरच जगणार आहे, तरीही उपसा. घटकाभराचं आयुष्य हेही आयुष्य. त्याच्यासाठीही शब्बाथ मोडतो. रिक्षावाल्याला पाच दिवस मिळाले. त्या पाच दिवसांत त्याने कुणाशी व्हिडिओ कॉलवर काय बोललं असेल, कुणाला कुठली उधारी सांगितली असेल, हे तू आणि मी कधी जाणणार नाही. आणि सव्वादोनला तुला पाचवा दिवस दिसत नव्हता. निर्णय त्या वेळच्या आकड्यांवर जोखायचा असतो. नंतरच्या बातमीवर जोखायला लागलो तर या धंद्यात एकही माणूस निर्दोष राहायचा नाही.

आता पापाबद्दल शेवटचं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तोरात एक विधी आहे. गावाबाहेर रानात एखाद्याचं प्रेत सापडलं, मारणारा कोण ते माहीत नाही. तर कुठलं गाव जवळ पडतं ते मोजायचं, आणि त्या गावच्या वडीलधाऱ्यांनी ओढ्याकाठी कालवड मारून हात धुवायचे आणि म्हणायचं, "आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही." मिश्ना विचारते, अरे, गावच्या वडीलधाऱ्यांना कुणी खुनी समजतं का? मग हे कशासाठी? त्याचा अर्थ असा: तो आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला शिधा न देता लावून दिला, असं झालं नाही. तो आम्हाला दिसला आणि आम्ही त्याला सोबत न देता एकटा जाऊ दिला, असं झालं नाही.

दोनच प्रश्न. खायला दिलं का? सोबत दिली का?

आणि हे प्रश्न आधी कुणाला विचारलेत, तर गावच्या वडीलधाऱ्यांना, ज्यांच्या हातात गावाचा कारभार आहे त्यांना. २०२१च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन का नव्हता, बेड का नव्हते, याचं उत्तर रात्रपाळीच्या नर्सने द्यायचं नसतं. ओढ्याकाठी हात धुवायला ज्यांनी उभं राहायला हवं होतं, ती माणसं वेगळी आहेत. तू ते ओझं चार-पाच वर्षं उचलतेयस. ठेव ते खाली.

पण त्या दोन प्रश्नांचं तुझं उत्तर तू स्वतःच पत्रात लिहिलंस, तुझ्या लक्षात आलं का? चहाचे दोन घोट. दोनदा सिलेंडर. सकाळी अँब्युलन्सपर्यंत.

म्हणून माझा सल्ला असा. काकूंकडे जा. माफी मागायला जाऊ नकोस. किप्पूरच्या आधी ज्याला दुखवलं त्याची माफी मागावी हे खरं, पण तू त्यांचा अपराध केलेला नाही, आणि न केलेल्या अपराधाची माफी मागितलीस तर त्या बिचाऱ्या बाईवर "माफ केलं" म्हणायचं काम टाकशील. रब्बी अकिवा आणि फाइनस्टाइनही तिला सांगू नकोस. हे पत्र तुझ्यासाठी आहे. नवरा गेलेल्या बाईला शास्त्र ऐकवू नये.

त्यांना ती रात्र सांग. तेव्हा घरच्यांना आत येऊ देत नव्हते, दारात मुलगा होता तोही धावपळीत. पाच तासांहून जास्त वेळ काका कुठल्या खुर्चीवर बसले होते, भिंतीला टेकले होते की पुढे वाकले होते, चहा मागितला तेव्हा साखर जास्त हवी म्हणाले की कमी, सिलेंडर बदलताना काही बोलले का, अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी तुझा हात धरला होता का. तुला हे सगळं आठवतं, मला खात्री आहे. काकूंना यातलं काहीच माहीत नाही. पाच वर्षं त्या स्वतःच्या मनाने ती रात्र रचत असतील, आणि माणूस मनाने रचतो ती रात्र खऱ्यापेक्षा नेहमी जास्त एकटी असते.

शब्बाथ संपल्यावर, शनिवारी संध्याकाळी जा. रविवारी घरात पाहुणे असतात. मुलगा घरी असला तर त्याच्यासमोरच सांग. तो उठून गेला तर जाऊ दे, आवाज कमी करू नकोस, बाजूच्या खोलीत ऐकू येईल इतपत बोल. आणि काकू चहा टाकतील, तो पिऊन ये.

तुझी,
डॉक्टर मावशी